अम्मा रोज विचारते, "आज किती झालं?" (नोकरी, मन न लागणं आणि सोलापूर: सल्ला हवाय)

पूर्वभागकर | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. एरवी इथं मी गड्ड्याच्या जत्रेचे फोटो टाकायला आणि "तुमच्याकडं पाणी आलं का" विचारायलाच येतो. आज जरा लांबण लावणार आहे. कंटाळा आला तर सरळ खाली जा, प्रश्न तिथं आहे.

वय ४१. लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे आम्हा तेलुगू विणकरांच्या वस्तीत; दत्तनगरात, एका खोलीत. नान्ना यंत्रमागावर, अम्मा विड्या वळायची. मी आधी डिप्लोमा, मग डिग्री केली आणि हिंजवडी गाठली. सतरा वर्षं झाली, ही तिसरी कंपनी. पगार आमच्या सात पिढ्यांत कुणी बघितला नसेल इतका. करोनात लॅपटॉप घेऊन आलो तो सोलापुरातच राहिलो. आता कंपनीचं पत्र आलंय, आठवड्याला तीन दिवस ऑफिसात हजर व्हा. म्हणजे सोमवारी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस, तीन रात्री वाकडला एका खोलीत, गुरुवारी घरी. बायको म्हणते, जमवू. जमेलही. पण पत्र वाचल्यावर पोटात जो गोळा आला तो प्रवासाचा नव्हता.

माझं काम असं. एका परदेशी विमा कंपनीची सिस्टीम आहे. त्यात काही अडलं की तिकीट येतं. पूर्वी मी तिकिटं सोडवायचो. आता मी सोडवत नाही, दुसऱ्यांनी किती सोडवली याच्या स्लाइड करतो. त्या स्लाइड माझा साहेब त्याच्या साहेबाला दाखवतो. पुढं त्या कुठं जातात देव जाणे. तीस तिकिटं बंद झाली की दुसऱ्या दिवशी तीस तयार. दिवसाला सहा मीटिंग. अम्मा शेजारच्या खोलीत बसून ऐकत असते. इंग्रजी कळत नाही, एकदा घाबरून विचारलं, "इतका वेळ कुणाशी भांडत होतास?"

रात्री जेवताना ती तेलुगूत एकच प्रश्न विचारते: आज किती झालं? सवयीचा प्रश्न आहे तो. तिच्या आयुष्यात कामाला आकडा होता. रात्री भिजवलेली पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. सकाळी मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पत्र्याच्या मापावर पान ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूट तंबाखू, बोटांत एक वेढा, टोक नखानं दुमडायचं, सुताचे दोन फेरे. हे सगळं बोलता बोलता, हाताकडं न बघता. दिवसाला हजार. संध्याकाळी पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून झाल्या की चाळीस मोजायची, सूप झटकायची, गुडघ्यावर हात ठेवून उठायची आणि म्हणायची, "अयिपोयिंदी." झालं.

मला आयुष्यात ते "झालं" हवंय, असं हल्ली वाटायला लागलंय.

आता प्रश्न. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीतल्या एकांचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. त्यांना ऑर्डरी, माल, हिशेब एका रेषेत आणणारा माणूस हवाय. पगार आत्ताच्या एक तृतीयांश. वाकडच्या फ्लॅटचं कर्ज अजून सहा वर्षं आहे, फ्लॅट भाड्यानं दिलाय. मुलगी नववीत. जावं का? आणि तुमच्यापैकी ज्यांचं कामात मन लागतं, ते नेमकं कशात लागतं?

---

सातरस्ता | रविवार, रात्री ११:४१

का बे, एवढा पगार घेऊन रडूलालास? आमच्याकडं मन लागतंय, पगार लागंना. अदलाबदल करूया का?

(गंमत केली, मनावर घेऊ नको. लिहिलास मात्र झकास. सूप झटकलेलं दिसलं की डोळ्यासमोर.)

---

कडकभाकरी | सोमवार, पहाटे ५:०५

वेळ बघून घ्या प्रतिसादाची. एक घाणा उतरवून बसले आहे.

मी नऊ वर्षं एका खासगी शाळेत शिकवत होते. कागदावर सही एका आकड्यावर, हातात दुसराच. मुलं आवडायची, ते कागद आवडायचे नाहीत. सोडलं आणि कडक भाकरी-शेंगाचटणीचा धंदा सुरू केला. आता सहा बायका आहेत हाताखाली, माल पुण्याला जातो. लोक येऊन म्हणतात, "वा, आवडीचं काम करता, मज्जा आहे!" मला भाकरी थापायची अजिबात आवड नव्हती हो. येत होती, एवढंच. आवडीचा धंदा करा असा उपदेश करणाऱ्याला मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमच्या तव्यासमोर उभं करावं म्हणते मी. बाहेर ४४, आत किती ते मोजायची हिंमत केली नाही.

पण पूर्वभागकर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. चटणी. शेंगदाणा, लसूण, तिखट, मीठ उखळात कुटताना एक क्षण येतो, कूट कोरडं दिसत असतं आणि एकदम तेल सोडतं. आधी कुटणं थांबवलं तर भुसा, जास्त कुटलं तर गोळा. तो क्षण मला आवाजावरून कळतो. मशीन घेतलं होतं, विकून टाकलं. ते कळणं हातून गेलं तर धंद्यात मला काय उरलं? बाकी सगळं, म्हणजे पाकिटं, उधारी, कुरिअरवाल्याशी वाद, हे शाळेपेक्षा वाईटच आहे.

कर्जाचं आधी बघा. भावना नंतर.

---

टॉवेलवाला | सोमवार, सकाळी ९:३०

कारखानदाराच्या बाजूनं लिहितो. माझे टेरी टॉवेलचे माग आहेत, गणवेशवाले बरेच मित्र आहेत.

गणवेशाचा धंदा म्हणजे चार महिने श्वास घ्यायला सवड नाही आणि उरलेले महिने पैशासाठी फोन. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, त्याआधी माल दुकानात पोचला तर धंदा, जुलैत पोचला तर पुढच्या वर्षीपर्यंत गोदामात. पैसे दिवाळीपर्यंत सुटत नाहीत. तेव्हा "झालं" म्हणायचं सुख तिथं जूनमध्ये एकदा मिळेल, रोज नाही.

मालकाला आधी तीन गोष्टी विचारा. पगार कुठल्या तारखेला होतो, आणि गेल्या ऑगस्टात कुठल्या तारखेला झाला. माल कापायचा निर्णय कोण घेतं, तुम्ही की त्यांचा मेहुणा. आणि त्यांचा मुलगा शिकून परत येणार आहे का. तिसरा प्रश्न विचारायला अवघड वाटेल, पण मी मालक असून सांगतोय, तोच सगळ्यात महत्त्वाचा.

राजीनामा देऊ नका. चार शनिवार नुसते जाऊन बसा तिथं. बिनपगारी. मालक तयार झाला नाही तर उत्तर मिळालंच.

जाता जाता: सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींना जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. मागावर बसायला माणूस मिळत नाही. माझी स्वतःची दोन्ही पोरं पुण्यात आहेत, तुमच्यासारखीच स्लाइड करत असतील.

---

विजापूररोड_मॅडम | सोमवार, दुपारी १:१५

व्यवस्थापन शिकवते, त्यामुळं थोडं पुस्तकी चालवून घ्या.

फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं, कामात फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी. १९५९ साली ते प्रसिद्ध झालं. गंमत अशी की दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच यादीतली नव्हती. वाईट वाटण्याच्या गोष्टीत पगार, साहेब, कंपनीचे नियम, कामाची जागा. बरं वाटण्याच्या गोष्टीत काहीतरी तडीस नेलं, कुणी दखल घेतली, कामच चांगलं होतं, जबाबदारी मिळाली. म्हणजे पगार वाढला की कुरकुर थांबते, पण मन लागेलच असं नाही. या मांडणीवर पुढं बरीच टीका झाली. माणूस यशाचं श्रेय स्वतःला देतो आणि अपयशाचं खापर साहेबावर फोडतो, त्यामुळं उत्तरं तशी विभागली जाणारच, असं टीकाकारांचं म्हणणं. टीका मला पटते, तरी वर्गात शिकवताना नोकरी करणारे विद्यार्थी मान हलवतात खरे.

पूर्वभागकर, तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य मला सगळ्यात मोठं वाटलं: "पूर्वी मी तिकिटं सोडवायचो." तक्रार नोकरीबद्दल आहे की बढतीबद्दल?

---

सातरस्ता | सोमवार, दुपारी १:२२

मॅडमनी बरोबर जागी बोट ठेवलं बघा. डॉक्टरला चांगलं ऑपरेशन करतोस म्हणून मॅनेजर केलं, आता तो ऑपरेशनची यादी करूलालाय.

---

सोन्नलगी | सोमवार, रात्री ८:५०

आपल्या गावाचं जुनं नाव घेऊन फिरतो म्हणून लिहायलाच हवं. शरणांनी (बाराव्या शतकातल्या लिंगायत संतांनी) कामाला "कायक" म्हटलं. "कायकवे कैलास", म्हणजे काम हाच कैलास, सगळ्यांना पाठ असतं. ते ज्या आयदक्की मारय्याच्या वचनात येतं तो काय काम करायचा माहीत आहे का? कल्याणात (आजचं बसवकल्याण) सांडलेले तांदूळ वेचायचा. त्यावर घर आणि जंगमांचं (लिंगायत गुरूंचं) जेवण. एक दिवस नेहमीपेक्षा जास्त वेचून आणले, तर बायको लक्कम्मा म्हणाली, एवढे कशाला? परत टाकून या. गेला परत टाकायला. त्याच वचनात तो म्हणतो की कामात गढलेला असशील तर गुरू समोर आला तरी विसर.

आणि आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. देवळाच्या चहूबाजूचं तळं ही त्यांची बाराव्या शतकातली कामगिरी मानतात. शरणांपैकीच अल्लमप्रभू इथं आले तेव्हा त्यांनी सिद्धरामाला मातीकाम करणारा म्हणून हिणवलं, अशी कथा आहे. तळी खणून मोक्ष मिळतो का, असा तो वाद. गंमत बघा, आठशे वर्षांनी आपण तोच धागा काढून बसलोय.

---

टॉवेलवाला | सोमवार, रात्री ९:१०

कथा सुंदरच. पण "कायकवे कैलास" भिंतीवर रंगवून पगार दोन महिने लांबवणारे लोकही बघितलेत मी. लक्कम्मानं तांदूळ परत टाकायला सांगितले ते नवऱ्याला. मालकानं कामगाराला हे सांगायचं नसतं.

---

सोन्नलगी | सोमवार, रात्री ९:१४

मान्य. कायकात लबाडीची कमाई बसत नाहीच, आणि उरलेलं वाटून टाकायचं, त्याला दासोह म्हणतात. भिंतीवर तेवढा भाग रंगवत नाहीत.

---

निवृत्त_जॉबर | मंगळवार, सकाळी ११:००

नातू टाइप करतो आहे, मी सांगतो आहे.

वय ७४. आमचे आजोबा जुन्या गिरणीत होते, १८७७ साली सुरू झालेली ती. मी दुसऱ्या एका गिरणीत, नाव घेत नाही. खात्यात जॉबर होतो. म्हणजे माग बिघडला की विणकर मला हाक मारणार. हाक कसली, त्या आवाजात हाक ऐकू येत नाही, हात वर करायचा. माझ्याकडं ४८ माग होते. कान तर पहिल्या दहा वर्षांतच गेले. मग तळहात मागाच्या चौकटीवर ठेवायचो. धोटा उशिरा पोचत असेल तर हाताला कळायचं, एक ठोका लंगडा लागायचा. नवा पोरगा अर्धा तास पाना घेऊन शोधायचा, मी हात ठेवून सांगायचो इथं. मला अभिमान होता त्याचा. अजून आहे.

एक दिवस भोंगा वाजला नाही. आमची देणी अडकली, काही मिळाली, काही नाही, ते इथं सांगत बसत नाही. पुढं अकरा वर्षं एका दुकानाच्या शटरसमोर रात्री खुर्ची टाकून बसलो. पगार गिरणीच्या शेवटच्या पगारापेक्षा फार कमी नव्हता. काम सोपं होतं, बसायचं. पण बाळा, अकरा वर्षं मी बिघडलेली एक वस्तू दुरुस्त केली नाही. चिडचिड इतकी व्हायची की घरचे बोलायचे बंद झाले. डॉक्टर म्हणाले बीपी. मला ठाऊक होतं काय ते.

आता गल्लीतले मिक्सर, पंखे, शिलाई मशीन माझ्याकडं येतात. वीस रुपये घेतो. फुकट केलं की लोक बिघडलं म्हणून सुद्धा परत आणत नाहीत, म्हणजे मला कळत नाही दुरुस्ती टिकली का.

तुझ्या आईनं हजार विड्या वळल्या ते फार गोड करून लिहिलं आहेस. तिला एकदा विचार.

---

आयसीयू_नाईट | मंगळवार, संध्याकाळी ६:३५

काका, नमस्कार करते तुम्हाला.

मी सिस्टर आहे, रात्रपाळी. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, ते त्यांचं घर. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले त्यातले ते एक. १९४२ मध्ये तिकडंच वारले, वय जेमतेम ३२. नर्सिंगला असताना आम्हाला तिथं नेलं होतं. तेव्हा वाटलेलं, काम असं असावं. आता मला वाटतं ते फार मोठ्या लोकांचं झालं. माझं मन लागतं ते पहाटे पाच वाजता. पेशंटचं तोंड पुसते, कूस बदलते, चादर बदलते. तोवर नातेवाईक यायचे असतात. ते आत आल्यावर त्यांना माणूस स्वच्छ दिसतो. कुणी मला काही म्हणत नाही, कुणाला माहीतही नसतं.

मॅडम, तुमच्या पुस्तकात असं काही आहे का?

---

विजापूररोड_मॅडम | मंगळवार, रात्री १०:०५

आहे. एमी रझेस्नेव्स्की आणि जेन डटन, २००१. रुग्णालयातले सफाई कर्मचारी हेही त्यांच्या उदाहरणांत आहेत. काहीजण म्हणत, आम्ही फरशी पुसतो. काहीजण त्याच कामात पेशंटशी बोलत, नातेवाइकांना वाट दाखवत, आणि स्वतःला बरं करणाऱ्या मंडळींत धरत. नेमून दिलेल्या कामाची कड आपणच थोडी इकडं-तिकडं सरकवणं असं त्याचं स्वरूप. पण सिस्टर, तुम्ही दोन पेशंटमागं एक असाल तर कड सरकवाल. सहामागं एक असाल तर काय सरकवणार? ही बाजू आमच्या पुस्तकांत जरा दबकतच येते.

---

आयसीयू_नाईट | मंगळवार, रात्री १०:११

पाचामागं एक. उत्तर मिळालं. ड्युटीवर निघते.

---

कडकभाकरी | बुधवार, पहाटे ५:२०

धागाकर्ते कुठं गायब? भाकऱ्या वाळल्या आमच्या.

---

पूर्वभागकर | गुरुवार, रात्री ११:५०

इथंच आहे. रोज वाचतोय, लिहायचं धाडस होत नव्हतं.

जॉबर काकांनी सांगितल्यावर अम्माला विचारलं. ती आता कुंभारीला विडी कामगारांच्या घरकुलात असते, आठवडाभर आमच्याकडं, आठवडाभर तिकडं. तिकडंच जास्त रमते. गोदूताई परुळेकरांच्या नावाची ती वसाहत, दहा हजार घरं, २००६ मध्ये ताबा मिळाला. घर तिच्या नावावर आहे. तर मी तिला म्हटलं, तू रोज हजार मोजून "झालं" म्हणायचीस ना, तेव्हा बरं वाटायचं का गं?

माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "मोजायचे कारण उठायचं असायचं. कंबर मोडायची."

मग बोलत सुटली. कारखान्यात माल द्यायला गेलं की तपासणारा मूठभर विड्या उचलून छाट काढायचा. छाटीचे पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत. पानं कमी यायची, खराब यायची, हजार भरायला पदरची घालावी लागायची. तंबाखूनं रात्री खोकला. मला ऐकू यायचा तो, मी विसरलो होतो. आता पेन्शन महिन्याला हजार रुपये. हजार विड्या, हजार रुपये, ती स्वतःच हसली.

मग विचारलं, काहीच चांगलं नव्हतं? तर म्हणाली, होतं की. पाचजणी ओट्यावर एकत्र बसायच्या. कुणाची सासू काय म्हणाली, रेडिओवर काय लागलं, कुणाच्या पोराचं ठरलं. एकीला ताप असला तर बाकीच्या चौघी तिचे अडीचशे-अडीचशे भरून द्यायच्या. आणि आठवड्याचे पैसे तिच्या हातात पडायचे, नान्नांच्या नाही. माझ्या डिप्लोमाची पहिली फी त्यातली. ते तिनं अशा सुरात सांगितलं की त्यापुढं माझ्या "झालं"ची कीव आली मला.

तर मंडळी, मी जे अम्माकडून उसनं घेत होतो ते तिच्याकडं नव्हतंच. आणि मॅडम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बढतीबद्दल. चार वर्षांपूर्वीच्या.

टॉवेलवाले काकांचे तीनही प्रश्न मालकांना विचारले. पगार सातला, ऑगस्टात एकोणीसला. कापायचा निर्णय आत्ता कटिंग मास्तर घेतो. तिसऱ्या प्रश्नावर मालक हसले आणि म्हणाले, "मुलगी येणार आहे. पण दोन वर्षांनी." शनिवारी या म्हणालेत.

---

सातरस्ता | शुक्रवार, सकाळी ८:१५

ऑगस्टातली तारीख खरी सांगितली ना, तो माणूस बरा असणार बे. आमचा साहेब अजून मार्चचीच सांगूलालाय.

---

टॉवेलवाला | शुक्रवार, सकाळी ९:४०

एकोणीस म्हणजे चांगली आहे. खरंच.

---

पूर्वभागकर | पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:३०

धागा वर काढतोय, माफी.

चार शनिवार झाले. पहिल्या दिवशी नुसता उभा होतो. कटिंग टेबलावर कापडाचे थर अंथरतात, वर साईझचे आराखडे, मग कटर फिरतो. मास्तर साठीचे आहेत, तीस वर्षं हेच. बोलत नाहीत. मी लॅपटॉप काढला तर म्हणाले, टेबलावर ठेवू नका, कापड सरकतं.

दुसऱ्या शनिवारी गोदामात गेलो. एका कोपऱ्यात खाकी हाफ पँटचे गठ्ठे छतापर्यंत. सगळ्या २८ नंबरच्या. विचारलं, एवढ्या का? तर कुणालाच नीट सांगता येईना. जुन्या वह्या मागितल्या. तीन शनिवार त्या वह्या उतरवल्या. प्रकार असा निघाला की कुण्या काळी एका मोठ्या शाळेच्या ऑर्डरीवरून साईझचं प्रमाण ठरलं, आणि तेच प्रमाण सगळ्या शाळांना लावत आले. त्या मोठ्या शाळेत मोठ्या वर्गांनाही हाफ पँट होती. बाकीच्या शाळांत आठवीपासून फुल पँट. तिथं २८ लागणार किती?

मी एक साधा तक्ता केला. शाळेचं नाव, कितवीपर्यंत हाफ, त्यावरून प्रमाण. सतरा वर्षांच्या नोकरीत एवढं फालतू काम केलं नव्हतं. कागदावर छापून मास्तरांना दिला. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत वाचला, मागं फिरवला, खडूनं एक आकडा दुरुस्त केला (त्या शाळेत सातवीपासूनच फुल आहे, मला माहीत नव्हतं) आणि टेबलाच्या वरच्या खिळ्याला टोचून ठेवला. चहा मागवताना पहिल्यांदा माझाही धरला.

निर्णय: राजीनामा दिलेला नाही. कर्ज आहे, मुलीचं दहावी-बारावी आहे, आणि ऑगस्टचा एकोणीस तारखेचा पगार मला झेपणार नाही, हे बायकोसोबत कागद-पेन घेऊन बसल्यावर सरळ दिसलं. साहेबाला मात्र सांगितलं, मला परत तिकिटांवर घ्या, स्लाइड दुसऱ्याला द्या. तो म्हणाला, लोक वर जायला मागतात, तू खाली का मागतोस? सहा महिन्यांनी बघू म्हणाला. पगार तोच राहील का विचारलं, तर "बघू"च म्हणाला. तोवर सोमवारची हुतात्मा. गेल्या सोमवारी पहिल्यांदा गेलो. डब्यात निम्मे चेहरे आपल्या पूर्व भागातले. कुर्डुवाडीच्या आत तीन जणांनी लॅपटॉप उघडला होता.

शनिवारी कारखान्यात जातोय, ते सोडलेलं नाही. मालकांनी पैसे देऊ केले, थोडे घेतले, काकांचं वीस रुपयांचं पटलं म्हणून.

अम्माचा प्रश्न चालूच आहे. आता शनिवारी रात्री तिला आकडा सांगतो. काल सांगितलं, २८ नंबरच्या अजून ३१२ उरल्यात.

---

कडकभाकरी | सोमवार, पहाटे ५:१०

हुतात्मात आमची भाकरी-चटणी देते पाठवून. डबा नंबर कळवा. पैसे घेणार आहे.

---

निवृत्त_जॉबर | सोमवार, सकाळी १०:३०

मास्तरनं खिळ्याला टोचला म्हणतोस. मग झालं. गठ्ठ्यांना उंदीर लागणार नाही एवढं बघ, खाकीची खळ त्यांना आवडते.

---

सातरस्ता | सोमवार, सकाळी १०:३४

३१२ मधल्या दोन ठेव बे बाजूला. आमचं पोरगं सहावीत हाय, पण कंबर २८.